करारात नसलेलं नाव

१

हंबीरराव इनामदारांनी सकाळी आपली सून माहेरी धाडली आणि दुपारपर्यंत अख्ख्या शुक्रवार पेठेला त्याचं कारण ठाऊक झालं. सुनेला म्हणे क्षय आहे. ती पडदा लावलेल्या दमणीतून, घरच्या बैलगाडीतून, गुपचूप गंगावेशीत तवनाप्पा वैद्यांकडे जाऊन आली होती. आणि ही गोष्ट बाहेर फोडली ती वैद्यांचा दवाखाना विकत घ्यायला आलेल्या नव्या डॉक्टरने.

गणपतराव वकिलांच्या कानावर हे आलं तेव्हा ते जेवायला बसले होते. त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली. बायकोला नवल वाटलं, कारण दुसरी भाकरी ते सहसा खात नसत.

नवा डॉक्टर म्हणजे कृष्णात. दोघे एकाच बोर्डिंगात वाढले, एकाच कंदिलाखाली शिकले. पुढे दरबारची मुंबईची शिष्यवृत्ती एकालाच मिळायची होती, ती कृष्णातला मिळाली. गणपतराव इथेच वकिलीची परीक्षा देऊन बसले. कृष्णात डॉक्टर होऊन परतला तो तसाच हसरा, तसाच गळ्यात पडणारा, आणि हेच गणपतरावांना सोसत नसे. माणूस जरा शेफारून आला असता तर त्याचा राग तरी मोकळेपणाने करता आला असता.

त्यात दवाखान्याच्या विक्रीचा करारनामा लिहायची पाळीही गणपतरावांवरच आली होती. तवनाप्पांना मूलबाळ नव्हतं, नजर अधू झाली होती. त्यांच्याकडे विकण्यासारखं होतं ते बरण्या आणि खल यांच्या पलीकडचं: मोठमोठ्या घरांतल्या गोषातल्या बायका दुसऱ्या कुठल्या वैद्याच्या पायरीवर पाऊल टाकत नसत, त्या इथे येत. पण घेणाऱ्याला आधी माल बघायचा असतो, आणि इथला माल म्हणजे लोकांची दुखणी. ती दाखवायची कशी? म्हणून गणपतरावांनी कलम घातलं, की घेणाऱ्याने महिनाभर वैद्यांच्या शेजारी बसावं आणि जे दिसेल, जे ऐकू येईल, त्याची वाच्यता कुणापाशीही करू नये; सौदा झाला तरी नाही, मोडला तरी नाही. वाच्यता झाली तर सौदा रद्द, आणि तसं गावात जाहीर करायचा वैद्यांना हक्क. त्या कलमावर गणपतराव फार खूश होते.

उन्हं कलायच्या आत हंबीरराव स्वतः कचेरीत आले. मागून काठी टेकत तवनाप्पाही.

"पोरीला तोंडावर इचारलं, तर मान खाली घालून उभी," हंबीरराव म्हणाले. "खोटं असतं तर बोलली नसती व्हय? गुरुवारी पोराच्या, बाळासोच्या, दुसऱ्या लग्नाची सुपारी फोडतोय मी. पर माझ्या घराची लक्तरं येशीवर टांगणारा कोण, ते मला कळाय पायजे."

तवनाप्पांनी काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "वकील, कागद तुमी केलाय. कुणी मोडला ते तुमीच बघा. कृष्णातनं मोडला असं माझं मन घेत न्हाय. का घेत न्हाय, ते मात्र मला सांगता यायचं न्हाय."

म्हाताऱ्यालाही त्याची भुरळ पडली, असं गणपतरावांच्या मनात आलं आणि त्यांनी तपास आनंदाने पत्करला. निकाल त्यांच्यापुरता केव्हाच लागला होता.

२

दुसऱ्या दिवशी कृष्णात बिऱ्हाडात एकटाच होता. त्याची बायको द्वारका सुईणपणाचं शिक्षण घेतलेली होती. उद्या दवाखाना घेतला की पडद्यामागे बायकांपाशी तीच बसणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. त्या दिवशी ती कुणाच्या तरी बाळंतपणाला गेली होती.

गणपतरावांनी सरळ विचारलं, की इनामदारांची दमणी आली त्या दिवशी आत काय झालं.

"सांगता येणार न्हाय."

"मी वैद्यांचाच वकील आहे, कृष्णात."

"कागदात 'कुणापाशीही' असं लिवलंयस. 'वकील सोडून' असं न्हाय लिवलेलं." तो हसला, पण नेहमीसारखं नाही. "गावात कुणी माझ्या वाऱ्याला उभं राहीना. द्वारकालाबी काल एका घरनं परत धाडलं. म्हणून काय आता तोंड उघडू?"

निदान दमणीत इनामदारांची सून होती की नव्हती, एवढं तरी सांग, असं गणपतराव म्हणाले. त्यावर कृष्णातने खिडकीबाहेर बघितलं आणि तो एक शब्द बोलला नाही. निर्दोष माणूस आपली बाजू तरी मांडतो. गणपतरावांना जिना उतरताना इतकं हलकं वाटत होतं, की शेवटच्या पायरीवर त्यांचा पाय घसरता घसरता राहिला.

खाली इनामदारांचा गाडीवान मीरासाब त्यांची वाट बघत उभा होता. हंबीररावांनीच त्याला जबाबाला धाडलं होतं. दमणीत कोण होतं, या प्रश्नावर तो अदबीने म्हणाला, की पडदा खाली असला की त्याची नजर बैलांच्या शिंगांवर असते. मग जाता जाता मान न वळवता एवढंच बोलला, "वहिनीसाहेब न्हाय, धाकलं सरकार झुरत्यात आत आत. त्यास्नी जरा भेटा."

३

धाकलं सरकार म्हणजे बाळासो, इनामदारांचा एकुलता एक मुलगा, तालमीत घुमलेला. त्याला भेटण्यात गणपतरावांना काही अर्थ दिसला नाही. बायको माहेरी गेलेला नवरा आत आत झुरतो, त्यात विशेष काय? ते गंगावेशीत गेले. पुरावा पक्का करायचा होता.

तवनाप्पांनी त्यांना ओट्यावर बसवलं, आणि बोलता बोलता सवयीने त्यांचा उजवा हात हातात घेऊन नाडी बघितली. "झोप कमी हाय. पित्त वाढलंय. कशानं जळताय एवढं?" गणपतरावांनी हात सोडवून घेतला.

सुनेला तुम्ही तपासलं का, असं त्यांनी विचारलं. वैद्य म्हणाले, तपासलं हेही सांगणार नाही आणि नाही तपासलं हेही सांगणार नाही. आज एकीबद्दल मी 'नाही' म्हटलं, तर उद्या जिच्याबद्दल 'नाही' म्हणणार नाही तिचं दुखणं गावाला आपोआप कळेल. त्यांचे डोळे भरून आले होते. गणपतरावांना ते म्हातारपण वाटलं.

आत केरबा खल घेऊन बसला होता. पोरवयापासून तो इथे औषधं कुटत आलेला. दवाखाना आज ना उद्या आपल्यालाच मिळेल अशी त्याची समजूत होती, आणि ती समजूत मोडल्याचं तो लपवत नव्हता.

"मी मोडला म्हणताय काय? मला तर पेशंटचं नावबी सांगत न्हाईत. पडद्यापलीकडं डाक्टर बसणार, आप्पांच्या मागोमाग नाडी बगणार, आणि मी हितं घासत बसणार. सोन्याच्या भस्माची मात्रा घासली त्या दिवशी. क्षयाशिवाय ती निघत न्हाय. पुड्या बांधल्या, पथ्य गाडीपाशी जाऊन सांगितलं. दूध, तूप, उन्हात हिंडायचं न्हाय, सा म्हैने तालमीचं नाव काढायचं न्हाय. झालं माझं काम."

"गाडी कुणाची होती ते कळलं असेल की."

"इनामदारांची. आंधळ्यालाबी कळंल. पर इनामदारांच्या घरातलं सांगत फिरून मला काय मिळणार? दवाखाना?" आणि तो परत खलाकडे वळला.

तेवढ्यात आतून आक्का आल्या. वैद्यांची थोरली बहीण, ऐन तरुणपणी विधवा होऊन भावाकडे आलेली. पडद्यामागे बायकांना धीर देणं, त्यांचं अवघडलेलं दुखणं नीट शब्दांत भावाला सांगणं, हात फटीतून बाहेर काढायला लावणं, हे सगळं आयुष्यभर त्यांनीच केलं. त्यांनी गणपतरावांना पडद्यामागची जागा दाखवली. जाड निळा पडदा, त्याला मनगट जाईल एवढी फट आणि फटीपाशी मनगट टेकायला छोटी गादी.

"माझी गादी डाव्या अंगाला असती," आक्का म्हणाल्या. "दमणी आली त्या दिवशी आप्पा मला म्हणाला, आक्का, तू भाईर जा. जल्मात पयल्यांदा. परत येऊन बगते तर गादी उजव्या अंगाला सारलेली. नव्या मानसाला रीत कळत न्हाय, दुसरं काय? मी परत जाग्यावर ठेवली."

आक्का गादीवरून हात फिरवत होत्या. गणपतरावांनी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही. वैद्य, कृष्णात आणि केरबा, औषधाची खबर असलेली माणसं तीन. वैद्य स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणार नाहीत. केरबा रागावलेला आहे, पण त्याला पेशंटच माहीत नाही. राहिला कृष्णात. उद्या सकाळी हंबीररावांना सांगायचं, असं ठरवून गणपतराव घरी आले आणि त्यांना खरोखरच गाढ झोप लागली.

४

सकाळी कचेरीत एक जोडपं खरेदीखतावर अंगठे द्यायला आलं. दोघांनाही सही येत नव्हती. गणपतरावांनी शाईची डबी पुढे केली आणि रोजच्या सवयीने म्हणाले, पाहुणं, तुमचा डावा. बाई, तुमचा उजवा.

बाईने डावा अंगठा पुढे केला. नवरा तिला म्हणाला, "अगं उजवा. डावा वैद्याला द्यायचा असतोय."

गणपतरावांच्या हातातली डबी कलंडली. शाई खरेदीखतावर पसरली, तरी ते तसेच बसून राहिले.

वैद्याकडे बाईचा डावा हात आणि पुरुषाचा उजवा. काल तवनाप्पांनी न बघता त्यांचा उजवाच घेतला होता. पडद्यामागची गादी जन्मभर डाव्या अंगाला, कारण तिथे बायकाच बसतात. त्या एका दिवशी ती उजव्या अंगाला गेली. त्या एका दिवशी आक्कांना बाहेर जायला सांगितलं. पुरुषमाणूस असताना तिथे बाईमाणूस कशाला ठेवतील? आणि सहा महिने तालीम बंद, हे पथ्य कुठल्या इनामदाराच्या सुनेला सांगतात?

दमणीत बाळासो होता. बापाला कळू नये म्हणून बायकोच्या दमणीत, पडदा सोडून बसला होता. मीरासाबने डोळ्यांत अंजन घालून सांगितलं होतं आणि गणपतरावांनी ते कानाआड केलं होतं.

आता गंमत अशी, की गावातली अफवा सुनेची होती. म्हणजे अफवा उठवणाऱ्याला गाडी दिसली होती, मात्रा कळली होती, पण आत पुरुष आहे हे मात्र माहीत नव्हतं. कृष्णातने स्वतः नाडी बघितली, त्याला ते माहीत होतं. वैद्यांना माहीत होतं, म्हणून तर त्यांचं मन घेत नव्हतं. केरबाने तालमीचं पथ्य स्वतःच्या तोंडाने सांगितलं, म्हणजे आत पुरुष आहे हे तोही जाणून होता. तो सुनेचं नाव कधीच घेणार नाही. मीरासाबचं तर बोलायलाच नको.

गणपतरावांनी सगळं पुन्हा तपासून बघितलं. कुठेतरी एखादी फट मिळावी आणि कृष्णात पुन्हा आत यावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. फट मिळेना. मिळालं ते दुसरंच नाव, आणि ते नाव त्यांच्या करारनाम्यात कुठेच नव्हतं.

५

आक्का परसात मात्रेच्या वाट्या घासत होत्या. गणपतराव तुळशीपाशी टेकले आणि त्यांनी जे कळलं ते हळूहळू सांगितलं. बाळासोचं नाव मात्र त्यांनी घेतलं नाही. फक्त एवढं म्हणाले, की त्या दिवशी पडद्यामागे बाईमाणूस नव्हतं.

आक्कांच्या हातातली वाटी थांबली.

"बाई नव्हती?"

"गादी नव्या माणसाने चुकून सारली नव्हती, आक्का. रीत पाळूनच सारली होती. तुम्हाला बाहेर धाडलं तेही त्याचसाठी."

त्यांनी वाटी पालथी घातली. मग त्यांनी पदराने हात पुसले.

"मी सांगितलं. सोन्याच्या मात्रेची वाटी मीच घासली, तवाच क्षय कळला. जैन बस्तीत दर्शनाला गेलते, तिथं एकीला म्हणाले, की इनामदारांच्या सुनंला क्षय हाय, नव्या डाक्टरनं बगितलंय. त्याचं नाव मुद्दाम घेतलं."

"का पण?"

"का म्हणून इचारता?" त्यांचा आवाज चढला. "न्हाणं चुकलेल्या पोरीपासनं म्हाताऱ्या बायांपर्यंत सगळ्या माझ्या कानात सांगून गेल्या. एक शबुद भाईर गेला न्हाय. कुणी माझी सही घेतली नव्हती. मग तुमी आला, कागद झाला. बरण्या लिवल्या, खल लिवला, पाट लिवला. डाक्टरचं नाव, आप्पाचं नाव. माझं नाव कुठं हाय त्यात? वर ती डाक्टरची बायको, कालची पोर, माझ्या जागंवर बसणार. आणि त्या दिवशी मला भाईर काढलं, तवा वाटलं, आतापासनंच काढलं. जळले मी. दुसरं काय सांगू?"

गणपतरावांनी करारनामा मनातल्या मनात पुन्हा वाचला. आपल्या कलमावर ते खूश होते, आणि त्या कलमाने बांधलं होतं ते मुळातच गप्प बसणाऱ्या माणसाला. घरातल्या, रोज पडद्यामागे बसणाऱ्या बाईचा विचार त्यांच्या मनातही आला नव्हता. बाई, आणि तीही घरची. तिला कागद कशाला, असं त्यांनी धरलं होतं.

आणि जळणं म्हणजे काय, ते त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मत्सराने आक्कांना गादीचा अर्थ उलटा लागला. गणपतरावांना तर कृष्णातच्या मौनाचाही उलटाच लागला होता.

"त्या पोरीचं काय वो आता?" आक्का म्हणाल्या. "गुरुवारी तिच्यावर सवत येणार. कुणासाठी ती गप हाय?"

गणपतरावांना ते सांगता येईना. सगळं कळलं होतं, आणि त्यातलं काहीच बोलायची सोय नव्हती. सून निर्दोष आहे म्हणावं, तर मुलगा उघडा पडतो. वैद्य बोलू शकत नाहीत, कृष्णात बोलू शकत नाही, वैद्यांचा वकील म्हणून त्यांनाही ते बोलता येत नाही. गुपित विकणाऱ्याचं नव्हतं, घेणाऱ्याचंही नव्हतं. ज्याचं होतं, त्याची सही कुठल्याच कागदावर नव्हती.

गुरुवार दुसऱ्या दिवशी होता.

६

बाळासो इनामदारांच्या मळ्यात विहिरीपाशी भेटला. धिप्पाड गडी, पण गळपट्टीची हाडं वर आलेली. गणपतरावांनी त्याला काही विचारलं नाही. ते फक्त म्हणाले, की एका माणसाचं दुखणं चार जणांना ठाऊक आहे आणि चौघांनीही दातखीळ बसल्यागत तोंड मिटलंय. त्यातल्या एकाची अब्रू गेली, एकीचं घर गेलं. ते दुखणं सांगायचा हक्क फक्त ज्याचं आहे त्याला.

बाळासो विहिरीत बघत राहिला. "बायकोला, सगुणाला, मीच म्हणालो हुतो, कुणाला सांगू नगंस. आबांनी तिला दारात उभं केलं तवा मी माडीवर हुतो. ऐकत हुतो." त्याला खोकला आला. त्याने उपरणं तोंडाला लावलं आणि ते गणपतरावांना दिसू नये म्हणून मुठीत दाबलं. "आबांनी मैदानात माझी कुस्ती लावलीया. सगळ्या गावाला सांगितलंय. कसं सांगू त्यांस्नी?"

"ते मला माहीत नाही," गणपतराव म्हणाले. "पण ती पोर सांगू शकत होती, आणि तिने सांगितलं नाही. एवढंच मला माहीत आहे."

बाळासो उठला. दोघे चालत घरी गेले. गणपतराव दाराबाहेरच थांबले. आतलं बोलणं ऐकू आलं नाही. हंबीररावांचा आवाज एकदाच चढला आणि मध्येच तुटला. शेवटी हंबीरराव दारात आले, पागोट्यावाचून, एकदम म्हातारे झालेले, आणि मीरासाबला म्हणाले, दमणी जोड. शिरोळला सूनबाईच्या माहेरी जायचं. पडदा नको.

दमणी बाळासोला घेऊन गंगावेशीतून निघाली तेव्हा आक्का रस्त्यात उभ्या होत्या. भावाला त्यांनी आपल्या तोंडाने सगळं सांगितलं होतं. मलाही येऊ दे, असं त्या बाळासोला म्हणाल्या. त्या पोरीचे पाय धरायचेत. बाळासोने सरकून जागा केली.

सगुणा परत आली. सुपारी फुटली नाही. हंबीररावांनी चारचौघांत कृष्णातचं नाव साफ केलं, आणि सौदा पार पडला. नवा कागद गणपतरावांनीच लिहिला. त्यात घरातल्या प्रत्येकाचं नाव घातलं, आक्कांचं सगळ्यांत आधी. ते कलम कृष्णातनेच सुचवलं होतं, आणि त्यापुढे आणखी एक: आक्का असतील तोवर पडद्यामागची जागा त्यांची, द्वारका त्यांच्या हाताखाली शिकेल. द्वारकाने स्वतः परसात जाऊन त्यांना सह्यांसाठी बोलावून आणलं होतं.

सह्या झाल्यावर कृष्णात गणपतरावांना पोचवायला ओट्यापर्यंत आला.

"द्वारका म्हणत हुती, एवढं सोसण्यापरीस सांगून टाका. मी म्हणालो, तपास गणपाकडं हाय. दुसरा कोण असता तर मी घाबरलो असतो. तू खरं हुडकून काढणार, हे मला ठाऊक हुतं. म्हणून गप बसता आलं बग."

गणपतराव वहाणा पायात सरकवू लागले. ज्या दिवसांत कृष्णात त्यांच्या भरवशावर शांत होता, त्याच दिवसांत ते त्याच्याविरुद्ध पुरावा गोळा करत होते आणि दोन दोन भाकऱ्या खात होते. आता हे सांगून टाकायला कुठलंही कलम आड येत नव्हतं. कृष्णात समोर उभा होता, ऐकायला तयार.

"चल, येतो," गणपतराव म्हणाले.

आतून आक्कांनी डॉक्टरला हाक मारली. कुणीतरी आलं होतं. कृष्णातने गणपतरावांच्या पाठीवर थाप मारली आणि तो आत गेला. गणपतराव उन्हात पायऱ्या उतरले. शिष्यवृत्ती मिळाली, मुंबई मिळाली, आता दवाखाना मिळाला. ते सगळं त्याला कुणी ना कुणी दिलं होतं, आणि दिलेल्याचा हेवा करायची त्यांना सवय होती. मित्रावरचा हा भरवसा मात्र त्याला कुणी दिला नव्हता, तो त्याचा स्वतःचा होता. गंगावेशीतून घरापर्यंत ते त्याचाच हेवा करत चालत गेले.